परदेशातल्या पैशाचा हिशेब

हिंजवडीत किंवा ऐरोलीत नोकरी करणारा एखादा इंजिनीअर घ्या. पगारातून दर महिन्याला कर कापला जातो, जूनमध्ये फॉर्म १६ हातात पडतो, मुदतीच्या आत रिटर्न भरलं जातं. एक रुपयाचं उत्पन्न त्याने कधी लपवलेलं नाही. त्याची कंपनी अमेरिकी आहे आणि पगाराबरोबर ती त्याला दरवर्षी आपले थोडे शेअर देते, एवढाच त्याचा परदेशाशी संबंध. या माणसाला काळ्या पैशाच्या कायद्याखाली दहा लाख रुपये दंडाची नोटीस येऊ शकते, आणि तीही प्रत्येक वर्षासाठी वेगळी. अशा नोटिसा लोकांना आल्या आहेत. त्या घेऊन सीएकडे येणाऱ्या माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘सर, टॅक्स तर कापलाय ना?’

प्रश्न रास्त आहे. कर भरणं ही एक जबाबदारी आहे आणि परदेशात आपल्या नावावर काय आहे हे सरकारला सांगणं ही दुसरी. पहिली पार पाडली म्हणून दुसरी आपोआप पार पडत नाही. हे पुस्तक त्या दुसऱ्या जबाबदारीविषयी आहे. आपल्याकडे पहिलीबद्दल मराठीत पुष्कळ लिहिलं गेलं, दुसरीबद्दल फारच थोडं. आणि जे आहे ते बहुतेक नोटीस आल्यानंतर इंग्रजीत वाचायला मिळतं. तेव्हा फार उशीर झालेला असतो.

पुस्तक लिहिलं ते एक ओळखीचं मराठी कुटुंब डोळ्यांसमोर ठेवून. मुलगा न्यू जर्सीत एडिसनला, आई कोथरूडला. कोथरूडच्या बँकेत दोघांच्या नावावर जॉइंट खातं आहे. आईच्या आजारपणात पैशाची अडचण येऊ नये म्हणून वडील गेल्यावर ते तसं करून घेतलं. आईच्या लेखी ते कोपऱ्यावरच्या बँकेतलं खातं. मुलाच्या लेखी, अमेरिकी कायद्याप्रमाणे, ते परदेशी खातं, आणि त्याची माहिती दरवर्षी तिकडच्या सरकारला द्यावी लागते. आता उलट बाजू पाहा. आई सहा महिने नातवंडांजवळ राहायला गेली असताना मुलाने तिकडच्या बँकेत तिला सहीचा अधिकार दिला. ती परत आली, खातं तिथेच राहिलं, त्यात तिचा एक डॉलर नाही. तरीही भारतात निवासी असलेल्या त्या आईला इथल्या रिटर्नमध्ये ते खातं दाखवावं लागतं. आणि तिचं उत्पन्न करपात्र मर्यादेच्या खाली असलं, एरवी तिला रिटर्न भरायचीच गरज नसली, तरी केवळ त्या सहीच्या अधिकारामुळे रिटर्न भरणं बंधनकारक होतं. दोन्ही टोकांना कायदे वेगळे, फॉर्म वेगळे, दंड वेगळे. आणि दोन्ही टोकांना माणसं अशी, की कुणाला फसवण्याचा विचार त्यांच्या मनाला शिवलेला नाही.

मग कायदा इतका कडक का? त्यासाठी थोडं मागे जावं लागतं.

स्वित्झर्लंडने १९३४ साली ग्राहकाचं नाव उघड करणं हा बँक कर्मचाऱ्यासाठी फौजदारी गुन्हा ठरवला. त्या एका कायद्याच्या आडोशाला जगभरच्या श्रीमंतांचा न सांगितलेला पैसा सत्तर वर्षं निर्धास्त राहिला. कोणत्याही देशाच्या कर अधिकाऱ्याने कितीही पत्रं पाठवली तरी उत्तर एकच यायचं : तुमच्याकडे नाव आणि पुरावा असेल तर बोला. नाव आणि पुरावा बँकेकडेच, म्हणजे बोलणं खुंटलं. ही कोंडी २००७ साली फुटली. यूबीएस या बँकेच्या जिनिव्हा कार्यालयात काम केलेला ब्रॅडली बर्कनफेल्ड हा अमेरिकी बँकर आपल्या देशाच्या न्याय खात्याकडे गेला आणि अमेरिकी ग्राहकांचा पैसा कसा लपवला जातो ते त्याने सविस्तर सांगितलं. एका ग्राहकासाठी टूथपेस्टच्या ट्यूबमध्ये हिरे दडवून नेल्याची त्याची हकिगत जगभर गाजली. फेब्रुवारी २००९ मध्ये यूबीएसने ७८ कोटी डॉलर भरायचं मान्य केलं, आणि त्याच वर्षी सुमारे ४,४५० खात्यांची माहिती अमेरिकेला देण्याचा करार झाला. बर्कनफेल्डला स्वतःला चाळीस महिन्यांची शिक्षा झाली, कारण आपल्या सर्वांत मोठ्या ग्राहकाबद्दल त्याने सुरुवातीला सगळं सांगितलं नव्हतं असा सरकारचा आरोप होता. पुढे २०१२ मध्ये त्याच माहितीबद्दल अमेरिकी कर खात्याने त्याला १० कोटी ४० लाख डॉलरचं बक्षीस दिलं. १७४१ साली स्थापन झालेली व्हेगेलिन ही स्विस बँक जानेवारी २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात गुन्हा कबूल करून कायमची बंद झाली.

दरम्यान मार्च २०१० मध्ये अमेरिकेने फॅटका हा कायदा केला होता. जगातल्या प्रत्येक बँकेने आपल्याकडच्या अमेरिकी करदात्यांची खाती कळवावीत. न कळवल्यास अमेरिकेतून त्या बँकेला जाणाऱ्या ठरावीक रकमांतून ३० टक्के कापले जातील. डॉलरशिवाय कुणाचंच चालत नाही, त्यामुळे एकेक देश या व्यवस्थेत आला. भारताने ९ जुलै २०१५ रोजी तसा करार केला. हीच कल्पना घेऊन ओईसीडी या संघटनेने २०१४ मध्ये सगळ्या देशांसाठी एक सामाईक पद्धत बसवली. तिला सीआरएस म्हणतात. भारत २०१७ पासून त्यात माहिती देतो-घेतो, आणि सप्टेंबर २०१९ मध्ये स्वित्झर्लंडकडून भारताला पहिल्यांदा खात्यांची माहिती आपोआप मिळाली. बँकेत खातं उघडताना किंवा म्युच्युअल फंडात पैसे गुंतवताना ‘तुम्ही दुसऱ्या कुठल्या देशात करदाते आहात का’ असा प्रश्न असलेला कागद आपण न वाचता सही करून देतो. या साऱ्या यंत्रणेचं आपल्या हातात येणारं टोक म्हणजे तो कागद.

भारतातली कथा वेगळ्या वाटेने गेली. पुणेकरांना कोरेगाव पार्कमधली २००७ सालची धाड आठवत असेल. एका घोडे व्यापाऱ्याच्या घरी मिळालेल्या कागदांवरून स्विस बँकेत अब्जावधी डॉलर असल्याची चर्चा सुरू झाली, करमागणी हजारो कोटींच्या घरात गेली, वर्तमानपत्रांतून आकडे रोज फुगत राहिले. २०१६ मध्ये प्राप्तिकर न्यायाधिकरणाने ती मागणी काही कोटींवर आणून ठेवली. धाड कितीही गाजली तरी परदेशी बँकेकडून येणाऱ्या पक्क्या माहितीशिवाय ती न्यायालयात टिकत नाही, हे त्या प्रकरणाने दाखवलं. याउलट २०११ मध्ये फ्रान्सकडून भारताला एचएसबीसीच्या जिनिव्हा शाखेतल्या ६२८ नावांची यादी मिळाली. त्या बँकेतल्या हर्वे फाल्चियानी या संगणक तज्ज्ञाने बाहेर नेलेल्या माहितीतून ती आली होती. त्या यादीवरून पुढे आठ हजार कोटींहून अधिक अघोषित उत्पन्नावर कर आकारणी झाली. मधल्या काळात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०११ मध्ये विशेष तपास पथक नेमण्याचा आदेश दिला, ते प्रत्यक्षात आलं मे २०१४ मध्ये, आणि पुढच्याच वर्षी संसदेने काळ्या पैशाचा वेगळा कायदा केला.

हा कायदा १ जुलै २०१५ पासून लागू आहे. प्राप्तिकराचा १९६१ चा कायदा जाऊन १ एप्रिल २०२६ पासून २०२५ चा नवा कायदा आला तरी हा स्वतंत्र कायदा आपल्या जागी आहे, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. त्यात काय आहे ते नीट सांगायला हवं, कारण त्याची भीती आणि त्याबद्दलचं अज्ञान दोन्ही सारखंच पसरलेलं आहे.

ज्या परदेशी मालमत्तेचा पैसा कुठून आला हे सांगता येत नाही, तिच्या किमतीवर ३० टक्के कर आणि कराच्या तिप्पट दंड. म्हणजे शंभर रुपयांच्या मालमत्तेवर एकशेवीस रुपये. जाणूनबुजून कर चुकवल्याचं सिद्ध झालं तर तीन ते दहा वर्षं सक्तमजुरी. किंमत धरायची ती मालमत्ता घेतली त्या वर्षाची नाही, अधिकाऱ्याच्या नजरेस आली त्या वर्षाची. वीस वर्षांपूर्वी घेतलेलं घर आज उघड झालं तर आजच्या भावाने. साध्या प्राप्तिकरात ‘इतकी वर्षं उलटली, आता फाइल उघडता येणार नाही’ असा जो दिलासा असतो, तो इथे नाही. ज्याने खरोखर पैसा दडवला आहे त्याच्यासाठी ही कलमं मला योग्य वाटतात. इस्पितळं, शाळा, रस्ते यांसाठी येणारा पैसा ज्याने बाहेर नेऊन पुरला, त्याला काळाचा फायदा का मिळावा?

माझी तक्रार आहे ती त्याच कायद्यातल्या दुसऱ्या कलमाबद्दल. मालमत्तेचा पैसा पूर्ण स्वच्छ असला, त्यावर कर भरलेला असला, पण रिटर्नमधल्या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात, म्हणजे शेड्यूल एफएमध्ये, ती दाखवली नसली, तर दहा लाख रुपये दंड होऊ शकतो. मालमत्ता कितीची आहे याच्याशी दंडाच्या रकमेचा संबंध नाही. १ ऑक्टोबर २०२४ पर्यंत सूट होती ती फक्त पाच लाखांपर्यंतच्या बँक खात्यांना. शेअरना कसलीच सूट नव्हती. म्हणजे तीन लाखांच्या शेअरसाठी दहा लाखांचा दंड कायद्याने शक्य होता, आणि चार वर्षं तक्ता रिकामा राहिला असेल तर चाळीस लाखांचा. आता घर-जमीन सोडून बाकी सगळी परदेशी मालमत्ता मिळून वीस लाखांच्या आत असेल तर हा दंड लागत नाही. ही सुधारणा स्वागतार्ह आहे. पण वीस लाखांची ही सूट दंडापुरती आहे. सांगायची जबाबदारी पहिल्या रुपयापासूनच आहे, आणि परदेशातल्या घराला तर कसलीच सूट नाही. ‘वीस लाखांखाली काही भरायचं नसतं’ असं सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणी सांगितलं तर त्यावर विसंबू नका.

आता सुरुवातीच्या त्या इंजिनीअरचं काय चुकलं, ते जवळून पाहू. त्याच्या कंपनीचे आरएसयू, म्हणजे पगाराबरोबर कबूल केलेले शेअर, दर तिमाहीला व्हेस्ट होतात, म्हणजे त्याच्या मालकीचे होतात. समजा शंभर शेअर त्याच्या नावावर झाले. त्या दिवसाचा भाव धरून सगळी रक्कम पगारात मिळवली जाते. कर वसूल करायला कंपनी त्यातले तीसेक शेअर तिथेच विकते आणि उरलेले सत्तर अमेरिकेतल्या दलालाकडे त्याच्या खात्यात पडून राहतात. फॉर्म १६ मध्ये पगाराचा आकडा बरोबर आहे, कर बरोबर आहे. त्याने सर्वांत सोपा फॉर्म, आयटीआर १, उघडला आणि पाच मिनिटांत भरून टाकला. चूक इथे झाली. परदेशात काहीही मालमत्ता असलेल्या माणसाला आयटीआर १ वापरताच येत नाही. त्याला आयटीआर २ लागतो, धंदा असेल तर ३. आणि शेड्यूल एफए फक्त त्या फॉर्ममध्ये आहे. म्हणजे त्याने तक्ता रिकामा ठेवला असंही नाही. तक्ता त्याच्यासमोर आलाच नाही.

समजा पुढच्या वर्षी कुणीतरी सांगितलं आणि त्याने आयटीआर २ उघडला. तिथे वेगळीच गंमत नाही, कष्ट आहेत. दलालाकडचं खातं एका रकान्यात, त्यातले शेअर दुसऱ्या रकान्यात. शेअर कधी मिळाले, तेव्हाची किंमत, वर्षभरातली सर्वांत जास्त किंमत, वर्षअखेरची किंमत, मिळालेला लाभांश, विकले असतील तर आलेली रक्कम. सगळं रुपयात, स्टेट बँकेच्या त्या-त्या तारखेच्या टीटी बाइंग दराने. दर तिमाहीला व्हेस्ट झालेल्या शेअरची वेगळी ओळ. चार-पाच वर्षांची नोकरी झाली की ओळी पंधरा-वीस होतात. शिवाय हा तक्ता आर्थिक वर्षाचा नाही, कॅलेंडर वर्षाचा आहे. एप्रिल २०२४ ते मार्च २०२५ च्या रिटर्नमध्ये शेड्यूल एफए भरायचं ते जानेवारी ते डिसेंबर २०२४ चं. फेब्रुवारी २०२५ मध्ये व्हेस्ट झालेले शेअर त्या रिटर्नमध्ये पगारात येतात, पण या तक्त्यात पुढच्या वर्षी. हिशेबात मुरलेली माणसंही इथे अडखळतात.

लाभांशाचं प्रकरण लहान असलं तरी नेमकं आहे. सत्तर शेअरवर वर्षाला पंचवीस-तीस डॉलर येतात. दोन देशांतल्या करारानुसार अमेरिका त्यातून २५ टक्के कापून घेते, उरलेले दलालाकडेच पडतात, भारतातल्या बँकेत एक पैसाही येत नाही. म्हणून ते उत्पन्न कुणाच्या लक्षात राहत नाही. ते पूर्ण रकमेने इथे दाखवायचं असतं, तिकडे कापलेल्या कराची वजावट फॉर्म ६७ या नावाने ठाऊक असलेल्या विवरणातून मागायची असते. दोन-अडीच हजार रुपयांचा हा मामला. पण परदेशातून भारताकडे येणाऱ्या माहितीत हाच आकडा असतो, आणि चौकशीला सुरुवात याच्यापासूनच होते.

परत आलेल्यांची गोष्ट याहून अवघड आहे, म्हणून पुस्तकात तिच्यासाठी सर्वांत मोठं प्रकरण ठेवलं आहे. दहा-पंधरा वर्षं तिकडे राहून आईवडिलांसाठी बाणेरला किंवा नाशिकला परतलेलं जोडपं पहिली दोन-तीन वर्षं कायद्याच्या भाषेत ‘निवासी पण सामान्यतः निवासी नाही’ अशा दर्जात असतं. त्या काळात शेड्यूल एफए लागत नाही. सवय अशी पडते की ते लागतच नाही असं वाटू लागतं. मग एका वर्षी दर्जा बदलतो, कुणी पत्र पाठवून कळवत नाही, आणि त्या वर्षापासून तिकडचं ४०१ के हे निवृत्तीचं खातं, जुनं बचत खातं, मुलाच्या शिक्षणासाठीचा फंड, भाड्याने दिलेलं घर, सगळं सांगावं लागतं. हे सगळं अनिवासी असताना कमावलेलं असलं तरीही. निवृत्तीच्या खात्यांवर दरवर्षी वाढणाऱ्या रकमेवर इथे लगेच कर बसू नये म्हणून २०२१ मध्ये सवलत आली. अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा या देशांतल्या खात्यांना ती मिळते. पण ती मागावी लागते, आणि एकदा मागितली की तिच्या अटी पाळाव्या लागतात.

अमेरिकेतल्या वाचकांसाठी आरसा उलटा धरायचा. नागरिक असो, ग्रीन कार्ड असो वा एच-१बी वर गेलेला माणूस, करासाठी तो तिथला निवासी झाला की भारतातली सगळी खाती मिळून वर्षात एक दिवस जरी १०,००० डॉलरच्या वर गेली, तर एफबार नावाचं विवरण भरावं लागतं. आजच्या दराने ही रक्कम फार मोठी नाही. एक मुदत ठेव आणि पीपीएफ मिळून सहज ओलांडली जाते. या विवरणासोबत कर भरायचा नसतो, फक्त सांगायचं असतं. हे बंधन १९७० च्या कायद्यातून आलं आहे, आणि त्याची मर्यादा महागाईप्रमाणे आपोआप वाढत नाही. २०११ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संघीय न्यायालयाने एचएसबीसीच्या भारतातल्या शाखांमधल्या अमेरिकी निवासी ग्राहकांची माहिती मागायला परवानगी दिली, तेव्हा आपल्याकडच्या लोकांना पहिल्यांदा कळलं की हा नियम स्विस बँकवाल्यांपुरता नाही. भारतातल्या म्युच्युअल फंडांवर अमेरिकेत होणारी कर आकारणी तर इतकी जाचक आहे की तिथे जाणाऱ्या प्रत्येकाने विमानात बसण्याआधी त्याबद्दल वाचलं पाहिजे. आपल्याकडचे काही फंड अमेरिकेतल्या गुंतवणूकदारांचे पैसेच घेत नाहीत, त्यामागेही फॅटकाच्या अटींचा बोजा आहे.

याच संदर्भात बिटनर खटला पुस्तकात तपशिलाने मांडला आहे. अलेक्झांड्रू बिटनर रोमानियात जन्मला, अमेरिकेचा नागरिक झाला, मग रोमानियाला परतला आणि तिथे धंदा केला. तिथल्या खात्यांचं विवरण अमेरिकेला द्यायचं असतं हे त्याला ठाऊक नव्हतं. कळल्यावर त्याने स्वतःहून राहिलेली विवरणं भरली. पाच वर्षं, सगळी खाती मिळून २७२ नोंदी, प्रत्येक नोंदीला १०,००० डॉलर, असा २७ लाख २० हजार डॉलरचा दंड त्याला लावण्यात आला. फेब्रुवारी २०२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ठरवलं, की हेतू नसलेल्या चुकीचा दंड खात्यागणिक नाही, विवरणागणिक मोजायचा. पाच विवरणं, ५०,००० डॉलर. चूक आणि लबाडी यांत फरक करण्यासाठी माणसाला देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं, हे मला अस्वस्थ करतं. तरीही अमेरिकी व्यवस्थेचं एक चांगलं आहे : ज्याने हेतुपुरस्सर काही लपवलं नाही, त्याच्यासाठी तिने चूक दुरुस्त करण्याची एक कायमसारखी वाट ठेवली आहे. तीन वर्षांची रिटर्न, सहा वर्षांची एफबार आणि चूक का झाली याचं खरंखुरं निवेदन. अमेरिकेत राहणाऱ्याला ५ टक्के दंड, बाहेर राहणाऱ्याला तोही नाही.

भारतात अशी एक खिडकी २०१५ मध्ये तीन महिने उघडली होती. मालमत्तेच्या किमतीच्या ६० टक्के भरा आणि सुटा. पुढे आले ६४८ जण, ४,१६४ कोटींची मालमत्ता घेऊन. नंतर, नोव्हेंबर २०२४ मध्ये, प्रत्यक्ष कर मंडळाने वेगळी गोष्ट करून पाहिली. परदेशांकडून आलेल्या माहितीत ज्यांची नावं होती पण ज्यांचं शेड्यूल एफए रिकामं होतं, अशांना एसएमएस आणि ईमेल पाठवले : तुमचं रिटर्न पुन्हा पाहा, काही राहिलं असेल तर मुदतीत सुधारा. धाड नाही, समन्स नाही. २४,६७८ करदात्यांनी रिटर्न तपासून सुधारलं, आणि या मोहिमेत २९,२०८ कोटींची परदेशी मालमत्ता व १,०८९ कोटींहून अधिक परदेशी उत्पन्न दाखवलं गेलं. दोन्ही आकड्यांची थेट तुलना होत नाही, हे खरं; पहिल्यात न सांगितलेला पैसा कराखाली आला, दुसऱ्यात बरीचशी मालमत्ता स्वच्छ पैशाचीच असणार. पण माझ्या मते दुसऱ्या आकड्याचा अर्थ स्पष्ट आहे. शेड्यूल एफए न भरणाऱ्यांतले पुष्कळ जण सांगायला तयार होते. त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

म्हणून माझं ठाम मत असं, की कर खात्याने हीच वाट धरावी आणि कायद्याने तिला साथ द्यावी. हेतू नसताना राहून गेलेल्या नोंदीसाठी दंड मालमत्तेच्या प्रमाणात असावा, आणि स्वतःहून सांगणाऱ्याला निश्चित, लेखी, कायमस्वरूपी सूट असावी. आज या प्रश्नावर मुंबईतल्या न्यायाधिकरणाच्या वेगवेगळ्या पीठांनी वेगवेगळे निकाल दिले आहेत. दंड ‘करता येईल’ असं कायद्यात आहे म्हणून काहींनी तो माफ केला, तर काहींनी गुंतवणूक उघड दिसत असूनही कायम ठेवला. सामान्य माणसाचं नशीब असं पीठावर अवलंबून राहणं बरं नाही.

या यंत्रणेच्या मर्यादाही पुस्तकात स्पष्ट लिहिल्या आहेत, कारण त्या ठाऊक असल्या तर वाचक विनाकारण घाबरणार नाही आणि विनाकारण निर्धास्तही राहणार नाही. सीआरएसमध्ये बँक खाती आणि आर्थिक गुंतवणुकी येतात, दुबईतला फ्लॅट येत नाही. अमेरिका सीआरएसमध्ये नाही. ती फॅटकाखाली भारताला व्याज-लाभांशाची माहिती देते, खात्यातली शिल्लक देत नाही, मात्र भारताकडून शिल्लक घेते. या असमानतेवर आपल्याकडे फारशी चर्चा होत नाही, ती व्हायला हवी. पण जे आज कळत नाही ते उद्याही कळणार नाही असं धरून चालणं धोक्याचं आहे. फ्लॅटचं भाडं शेवटी बँकेतच जमा होतं, आणि क्रिप्टोच्या माहितीची देवाणघेवाण २०२७ पासून सुरू व्हायची आहे.

पुस्तक वाचताना एक पथ्य पाळा. मर्यादा, तारखा आणि फॉर्मचे क्रमांक दरवर्षी बदलतात. या पानांवरून समज घ्या, आकडे भरण्याआधी त्या वर्षीच्या सूचना पाहा. ज्याने जाणूनबुजून पैसा लपवला आहे, त्याने हे पुस्तक बाजूला ठेवून आधी वकील गाठावा. त्याच्यासाठी यात काही नाही. बाकी सगळ्यांना माझी विनंती एकच आहे. या रविवारी घरातल्या सगळ्यांना बसवा आणि एका कागदावर लिहून काढा : देशाबाहेर कुणाच्या नावावर काय आहे, कुणाची सही कुठल्या खात्यावर चालते, कुठल्या कंपनीचे शेअर कुणाकडे आहेत. गेल्या वर्षांच्या रिटर्नमध्ये ते आहे का ते पाहा. नसेल, तर नोटीस येण्याची वाट न पाहता तो कागद घेऊन जाणत्या सीएकडे जा.